दोन बोटं की तीन? उद्यमबागेतल्या एका भरपाईची हकीकत

मंडळाच्या मागच्या बैठकीत उद्यमबागेच्या वाढीवर टिपण वाचलं गेलं. भट्ट्या कशा आल्या, लेथ कुठून आले, इथलं कास्टिंग कुठंकुठं जाऊ लागलं, सगळं त्यात होतं. चहाच्या वेळी शेजारी बसलेले एक जुने टर्नर मला म्हणाले, "सगळं सांगितलं वो त्यांनी, बोटांचं तेवढं राहिलं." त्यांच्या उजव्या हाताला करंगळी नाही. बेळगावच्या कारखान्यांत हयात घालवलेल्या माणसांच्या हातांकडं एकदा नीट बघा, मग त्यांच्या बोलण्याचा अर्थ कळेल.

ते राहिलेलं थोडंसं भरून काढावं म्हणून हे लिहिते आहे. माझ्याकडं सरकारी दप्तर नाही. माझ्या थोरल्या भावाच्या भरपाईच्या दाव्याचं एक पुडकं आहे आणि त्या दोन-सव्वादोन वर्षांत जे पाहिलं ते आठवतं. कारखान्याचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही. मालक आता हयात नाहीत, त्यांची मुलं याच गावात आहेत.

आधी कायद्याचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचे आकडे कुठून आले ते समजणार नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडं यंत्रात हात गेला तर माणसानं काय करायचं, याचं उत्तर एकच होतं: मालकाच्या दयेवर राहायचं. १८५५ चा एक कायदा होता, पण तो मेलेल्यांच्या वारसांसाठी, आणि त्यातही समोरच्याची चूक सिद्ध करावी लागायची. गिरणीतल्या माणसानं गिरणीमालकाची चूक कोर्टात सिद्ध करायची म्हणजे काय, हे सांगायला नको. जर्मनीनं १८८४ मध्ये आणि इंग्लंडनं १८९७ मध्ये वेगळा रस्ता धरला. चूक कोणाची हे बाजूला ठेवायचं; काम करताना, कामामुळं इजा झाली असेल तर भरपाई द्यायची. हेच तत्त्व घेऊन हिंदुस्थानात १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला.

या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. कोणता अवयव गेला तर कमावण्याची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, त्याची ती यादी. पहिल्या यादीत उजवा हात कोपरापासून किंवा वर गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. अंगठा २५. तर्जनी १०. बाकीचं कुठलंही बोट ५. पूर्ण निकामी झालेल्या प्रौढ माणसाला ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांत जे कमी असेल ते. म्हणजे महिना २० रुपये मिळवणाऱ्या माणसाची तर्जनी आणि मधलं बोट गेलं, तर ८४० रुपयांचे १५ टक्के, १२६ रुपये. सहा महिने आणि वर थोडे दिवस, एवढा पगार. उजव्या-डाव्याचा भेद पुढं परिशिष्ट सुधारलं तेव्हा गेला आणि टक्केही वाढले, पण यादीची पद्धत तीच राहिली.

माझ्या वडिलांना ही यादी कुणीतरी कधीतरी सांगितली असावी, कारण ते तिला "बोटांचं दरपत्रक" म्हणायचे. त्यात थोडा राग होता, थोडी थट्टा होती. मला मात्र त्या यादीचा राग येत नाही. दर ठरलेला असला की निदान घासाघीस दरावर होत नाही. ती कशावर होते, ते पुढं येईलच.

बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, त्यामुळं हा कायदा इथं पहिल्यापासून लागू. कपिलेश्वराच्या पुलापलीकडचं शहापूर मात्र सांगली संस्थानातलं, १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तिथं आपोआप चालत नसत. अर्थात शहापुरातले विणकर हातमागावर बसायचे, आणि पहिला कायदा मुख्यतः यांत्रिक शक्तीवर चालणारे मोठे कारखाने, रेल्वे, खाणी, गोद्या अशांपुरता होता. त्यामुळं विणकर पुलाच्या अल्याड असता तरी त्याला फार काही मिळालं नसतं. जिल्ह्यात ज्यांना हा कायदा खऱ्या अर्थानं लागू पडत होता ते रेल्वेतले लोक आणि गोकाकच्या धबधब्यावरच्या सूतगिरणीतले.

१ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या तारखेबद्दल आपल्यापैकी प्रत्येकाला काही ना काही म्हणायचं असतं. इथं तो विषय नाही. भरपाईच्या कायद्यात त्या दिवशी एक अक्षर बदललं नाही, कारण कायदा केंद्राचा. बदललं ते एवढंच की कमिशनर दुसऱ्या राज्याचा झाला, अपील मुंबईऐवजी बेंगळूरला जाऊ लागलं आणि हळूहळू कागदाची भाषा बदलली. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकून कामाला लागलेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या हाताविषयीचा कागद वाचता येईना. तसं बघितलं तर इंग्रजी अमदानीत तरी कुठं येत होता?

आता आमच्या घरची गोष्ट.

दादा एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. पत्र्यातून वॉशर आणि लहान ब्रॅकेट पाडायचं काम. कारखान्यात माणसं तेरा-चौदा, पण हजेरीपटावर नऊ. असं का, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसं झाली की राज्य विम्याचा, म्हणजे ईएसआयचा कायदा लागू व्हायचा. दरमहा वर्गणी भरावी लागायची आणि मग अपघाताची भरपाई विमा महामंडळ द्यायचं. नऊवर थांबलं की वर्गणी वाचायची. पण वर्गणी वाचवणारा मालक १९२३ च्या कायद्याखाली यायचा आणि भरपाई त्याच्या स्वतःच्या खिशातून जायची, हे बहुतेक छोट्या मालकांच्या ध्यानात अपघात झाल्यावरच यायचं.

फेब्रुवारी १९९७. प्रेसच्या क्लचची की झिजलेली होती. पायडलवरून पाय काढला तरी कधीकधी एक ठोका जास्त पडायचा. "प्रेस डबल मारतंय" असं दादा घरी महिनाभर सांगत होता. त्या दिवशी डायमध्ये अडकलेला तुकडा काढायला त्यानं हात घातला आणि प्रेसनं डबल मारलं. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. अनामिका राहिली, पण तिची शीर तुटली. जखम भरली तेव्हा ते बोट तळव्याकडं वळून बसलं ते कायमचंच. दादाचं वय तेव्हा पस्तीस.

मालकांनी दवाखान्याचं बिल भरलं, नऊ हजारांच्या आसपास. दोनदा घरी आले, फळं घेऊन. त्यांच्याही डाव्या अंगठ्याचं टोक तरुणपणी प्रेसखाली गेलेलं होतं, ते त्यांनी आईला दाखवलं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. दादाला काम त्यांनीच शिकवलेलं, आणि दादाच्या मनात ते शेवटपर्यंत राहिलं. त्यामुळंच सगळं अवघड झालं. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

दीड महिन्यानं मालकांचे मॅनेजर एक कागद घेऊन आले. स्टॅम्पपेपर, कन्नडमध्ये टाइप केलेला. म्हणाले, "कायद्यात पूर्ण निकामी झालेल्या माणसाला साठ हजार आहेत. दोन बोटांचे वीस टक्के. बारा हजार झाले. मालकांनी काही कापलेलं नाही बघा." हिशेब चोख वाटत होता. मी बी.कॉम. होऊन एका ऑडिटरकडं कामाला लागले होते. मलासुद्धा त्यात खोट दिसली नाही. दोन बोटांना वीस टक्के हे परिशिष्टात खरंच होतं. साठ हजार हा आकडाही कायद्यात खरंच होता.

सही दुसऱ्या दिवशी करायची ठरली. मला कन्नड शाळेत शिकल्यापुरतं येत होतं, अक्षरं जुळवत वाचायचे. सरकारी कन्नड काही उलगडेना. म्हणून सकाळी कामावर जाताना कोर्टाच्या आवारात थांबले. तिथं झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणारे एक वयस्क कन्नड गृहस्थ होते. आमच्या ऑडिटरची कामं त्यांच्याकडं जायची. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "यावुदे तकरारु इल्ल." कोणतीही तक्रार नाही. पुढं लिहिलं होतं की अपघात माझ्या निष्काळजीपणामुळं झाला, सर्व रक्कम पोचली, यापुढं कसलाही हक्क सांगणार नाही. त्यांनी कागद घडी करून परत दिला. "सही माडब्याड्री," म्हणाले. सही करू नका. मग मोडक्या मराठीत, "लेबर ऑफिसला जावा. हे असं घरात करायचं नसतंय." पैसे घेतले नाहीत.

पुढं वकिलांनी सांगितलं की तो कागद सही होऊनही कायद्यानं फोल ठरला असता. कामगारानं आपला भरपाईचा हक्क सोडल्याचा करार या कायद्यात मुळातच रद्दबातल आहे. असेल. पण सही केलेल्या माणसाला ते कोण सांगणार होतं? बारा हजार घेऊन आम्ही गप्प बसलो असतो आणि वर मालकांचे उपकार मानले असते.

हिशेबातली खोट वकिलांनी पहिल्या भेटीत दाखवली. साठ हजार ही किमान रक्कम होती. १९९५ च्या दुरुस्तीनंतर नियम असा होता: मासिक पगाराचे साठ टक्के घ्यायचे, वयाप्रमाणं कायद्यातल्या कोष्टकात जो गुणांक आहे त्यानं गुणायचे, ती रक्कम किंवा साठ हजार, यांत जे जास्त असेल ते पूर्ण निकामीपणाचं. मग त्याचे टक्के. पस्तीस वर्षांसाठी गुणांक १९७.०६. चाळिशीला तो १८४.१७ होतो, म्हणून वयाचा दाखलाही महत्त्वाचा; आम्ही शाळा सोडल्याचा दाखला शोधून काढला. पगार दोन हजारांपेक्षा जास्त असला तरी हिशेबाला दोन हजारच धरायचा, अशी तेव्हा मर्यादा होती.

म्हणजे प्रश्न उरला पगाराचा. मघाशी म्हटलं ना, घासाघीस दरावर होत नाही. ती पगारावर होते.

कारखान्याच्या पगारपत्रकात दादाचा पगार महिना ९५० रुपये होता आणि त्यापुढं दादाच्याच सह्या होत्या. प्रत्यक्षात तो ओव्हरटाइम धरून त्याच्या दुप्पट घरी आणायचा. दर शनिवारी एक खाकी पाकीट मिळायचं. त्यावर मॅनेजर शिसपेन्सिलीनं नाव आणि रक्कम लिहायचे. पगारपत्रकावरची सही महिन्यातून एकदा, आकड्यावर बोट ठेवून, "इथं कर" म्हणून घेतली जायची. ९५० वर दोन बोटांचा हिशेब २२ हजार ४६५ रुपयांच्या आत येतो. खऱ्या पगारावर तो दुप्पट होतो.

सिद्ध कसं करायचं? सोबतच्या कामगारांपैकी कुणी बोलायला तयार नव्हतं आणि त्यांना दोष देणंही बरोबर नाही. त्यांनाही शनिवारी पाकीटच मिळायचं. वकील म्हणाले, काही लेखी आहे का? वहिनीनं दोन दिवस काही सांगितलं नाही. मग तांदळाच्या डब्यामागून एक पिशवी काढली. ती पाकिटं टाकून देत नव्हती. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर भाजीचा, दुधाचा, भिशीचा हिशेब लिहायची. अपघाताआधीच्या वर्षभरातली सत्तेचाळीस पाकिटं निघाली. मी ती तारखेनं लावली. मॅनेजर तारीख टाकत नसत, पण वहिनीच्या हिशेबात वार आणि सण होते: "नागपंचमी, लाह्या", "गणपती, मूर्ती ३५". त्यावरून आठवडे लागले. सत्तेचाळीस पाकिटांची बेरीज १९ हजार ७४० रुपये. आठवड्याला सरासरी ४२०, महिन्याला १,८२०.

दुसरा प्रश्न बोटांचा. खासगी दवाखान्याच्या दाखल्यात "दोन बोटं, वीस टक्के" असं होतं. तिसरं बोट हाताला लागलेलं होतं, म्हणून ते गेलेल्यांत धरलं नव्हतं. पण परिशिष्टाखाली एक टीप होती: अवयवाचा उपयोग पूर्णपणे आणि कायमचा गेला असेल तर तो अवयव गेल्यासारखाच धरायचा. सरकारी दवाखान्यातल्या अस्थितज्ज्ञांनी बोट सरळ करून बघितलं, ते होईना. दादाला पाना धरायला सांगितलं, तोही धरता येईना; वळलेलं बोट मध्ये यायचं. त्यांनी तसं लिहून दिलं. एका हाताची तीन बोटं म्हणजे परिशिष्टात तीस टक्के.

वकिलांना आणखी पुढं जायचं होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९७० च्या दशकात एका सुताराच्या खटल्यात असं धरलं होतं की डावा हात कोपरापासून गेलेला सुतार हा सुतार म्हणून पूर्ण निकामी आहे, कारण सुतारकाम एका हातानं होत नाही. परिशिष्टातल्या टक्क्यांवर थांबायचं कारण नाही. त्याच न्यायानं प्रेसवरच्या माणसाचंही बघावं, असं त्यांचं म्हणणं. तो मुद्दा आमच्या बाबतीत मान्य झाला नाही. दादा दुसरं काही काम करू शकतो, असं कमिशनरांनी धरलं. मला तेव्हा ते अन्यायाचं वाटलं होतं. आता वाटतं की एक बोट पूर्ण शाबूत, अंगठा शाबूत, तेव्हा त्यांचं अगदीच चूक नव्हतं.

दावा दाखल झाला आणि मालकांचं येणं थांबलं. दादाला परत कामावर घेतलं नाही. "हातानं प्रेस जमणार नाही" असं कारण. १९९८ चा पावसाळा फार वाईट गेला. वहिनी पापड लाटायची, माझा पगार होता, सोसायटीचं कर्ज वाढत होतं. तारखा पडायच्या. कधी समोरचे वकील नाहीत, कधी साहेब दौऱ्यावर. दादा प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि उजवा हात खिशात ठेवून बाकावर बसायचा.

त्या वर्षी दिवाळीआधी मॅनेजर पुन्हा आले. पस्तीस हजार, एकरकमी, आठ दिवसांत. दादा हो म्हणाला. मी नको म्हटलं तेव्हा तो माझ्यावर ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा. "तुझ्या आकड्यानं चूल पेटत नाही," म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. मीही मग गप्प बसले. दोन्ही वकिलांनी तडजोडीचा कागद केला आणि नोंदणीसाठी कमिशनरांपुढं ठेवला.

इथं जे झालं ते सांगण्यासाठीच खरं म्हणजे हा लेख. या कायद्यात तडजोड ही मालक आणि कामगार यांची खासगी बाब नव्हती. एकरकमी भरपाईचा करार कमिशनरकडं नोंदवावा लागायचा, आणि रक्कम अपुरी आहे किंवा दबावानं, फसवणुकीनं करार झाला आहे असं वाटलं तर ते नोंद नाकारू शकत. आमच्या वेळचे अधिकारी उत्तर कर्नाटकातलेच, कन्नड भाषिक, मराठी समजायचं. त्यांनी दादाला हात टेबलावर ठेवायला सांगितला. दादानं ठेवला. त्यांनी पेन उचललं आणि करारनाम्याच्या मागच्या बाजूला स्वतः गुणाकार केला. ९५० घेऊन एकदा, १,८२० घेऊन एकदा. मग मालकांच्या वकिलांना विचारलं, "पगाराचा वाद सुटायच्या आधीच यांनी निम्मे सोडून दिले, ते कशासाठी?" उत्तर आलं, "दोन्ही पक्षांची संमती आहे, साहेब." साहेब म्हणाले, "माझी नाही." नोंद नाकारली आणि पुराव्याला तारीख दिली.

दादा त्या दिवशी रस्त्यात माझ्याशी बोलला नाही. त्याला वाटलं, हातातले पस्तीस हजार गेले.

पुढच्या तारखांना मॅनेजरांची उलटतपासणी झाली. पाकिटं त्यांच्यापुढं एकेक ठेवली. पहिली तीन-चार "आठवत नाही" झाली. मग आमच्या वकिलांनी त्यांना पगारपत्रकातलं दादाचं नाव आणि पाकिटावरचं नाव शेजारी ठेवून दाखवलं. दोन्हीकडं आडनावातलं "ळ" सारखंच, शेपटी वर वळवलेलं. अक्षर माझंच, असं त्यांनी कबूल केलं. पाकिटांत उचल होती, असं म्हणून बघितलं; पण उचल असती तर कुठंतरी ती कापलेली दिसायला हवी होती, आणि तशी नोंद कुठं नव्हती.

मालकांचा दुसरा बचाव गार्डचा होता. संरक्षणाची जाळी कामगारानं जाणूनबुजून काढली असेल आणि त्यामुळं इजा झाली असेल, तर अशा अपघातात मालकावर जबाबदारी येत नाही, ही तरतूद १९२३ पासून कायद्यात होती. जाळी दादानंच काढली, असं त्यांचं म्हणणं. आमच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला: जाळी कधी बसवली, त्याचं बिल किंवा बनवणाऱ्याचं नाव सांगा. ते आलं नाही. त्या प्रेसला जाळी कधी नव्हतीच. दवाखान्याचे नऊ हजार भरपाईतून वजा करावेत, हीही मागणी झाली. उपचाराचा खर्च भरपाईत धरता येत नाही म्हणून तीही गेली.

निकाल जून १९९९ मध्ये लागला. पगार १,८२०. त्याचे साठ टक्के १,०९२. गुणिले १९७.०६. त्याचे तीस टक्के. चौसष्ट हजार ५५६ रुपये ८६ पैसे, आणि अपघातानंतर महिनाभरानं रक्कम देय झाली तेव्हापासून बारा टक्के व्याज. ते साधारण सव्वासतरा-साडेसतरा हजारांच्या घरात गेलं. दंड लावला नाही.

मालकांनी बेंगळूरला हायकोर्टात जाण्याचं बोलून दाखवलं. घरी पुन्हा धास्ती. तेव्हा धारवाडचं खंडपीठ नव्हतं, बेंगळूर म्हणजे एक रात्र आणि एक दिवस. पण अपील करायचं तर मालकाला आधी सगळी रक्कम कमिशनरकडं भरावी लागायची, तशी पावती जोडल्याशिवाय अपील घेतच नसत. मालकांनी रक्कम भरली, अपील केलं नाही. पैसे कमिशनरांच्या कार्यालयातून चेकनं मिळाले. चेक घेताना सही करायची होती. दादानं ती डाव्या हातानं केली. दोन वर्षांत त्यानं शिकून घेतली होती, आम्हांला कुणाला माहीत नव्हतं.

सोसायटीचं कर्ज फिटलं. उरलेल्यांतले काही पोस्टात ठेवले, काहींतून दादानं घराच्या पुढच्या खोलीत नट-बोल्ट आणि किरकोळ हार्डवेअरचं दुकान घातलं. ते अजून चालू आहे, पुतण्या बघतो. मालक वारले तेव्हा दादा स्मशानात गेला होता.

१९२३ चा कायदा २००९ च्या दुरुस्तीनं नावानं बदलला, 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला. किमान रकमा आणि पगाराच्या मर्यादाही वाढल्या. पगारपत्रकावरचा पगार आणि हातात पडणारा पगार यांतलं अंतर मात्र उद्यमबागेत आजही सापडेल, मी काही वर्षं ऑडिटरकडं काढली आहेत म्हणून सांगते.

ती सत्तेचाळीस पाकिटं, पस्तीस हजारांचा नोंद न झालेला करारनामा (त्याच्या मागचा गुणाकार अजून स्पष्ट वाचता येतो), कन्नडमधला पहिला स्टॅम्पपेपर आणि निकालाची प्रत, एवढं मंडळाच्या कपाटात ठेवायला देत आहे. दादाची परवानगी आहे. वहिनीची अट एवढीच की पाकिटांची मागची बाजू, तिच्या हिशेबाची, फोटो काढताना झाकू नये. शहापूर, वडगाव, अनगोळ भागांत कुणाच्या घरी असे कागद पडून असतील तर त्यांनीही आणावेत. नावं झाकून ठेवू.